चौदाच्या चौदा

माझ्या मुलीने या मोसमात चौदा गोल खाल्ले, आणि तिच्या व्हिडिओत मी चौदाच्या चौदा घातले.

इरा सतरा वर्षांची, शाळेच्या हॉकी संघाची गोलकीपर. तिला अमेरिकेतल्या कॉलेजकडून खेळायचं होतं. तिथले कोच आधी तीन मिनिटांचा व्हिडिओ मागतात. तो आवडला तरच पुढची बोलणी. चित्रण माझ्याकडे तयार होतं. (आमच्या क्लोनडॉकिन या उपनगरापासून तासाभराच्या अंतरातल्या प्रत्येक मैदानावर मी पावसात भिजलो आहे.)

"बाबा, जस्ट द सेव्ह्ज, ओके?" इराने बजावलं होतं.

पण मी पडलो ऑडिटवाला! गोलवर सत्तर फटके आले, छप्पन्न तिने अडवले. नुसते छप्पन्न दाखवायचे म्हणजे शुद्ध फसवणूक! मी सत्तरच्या सत्तर घातले. तीन मिनिटांचा व्हिडिओ अकरा मिनिटांचा झाला. शेवटी तक्ता जोडला, आणि इरा सरावाला गेलेली असताना सहा कोचना पाठवूनही दिला.

"यू सेंट इट? विथ द गोल्स?"

"सगळे. तारखेनुसार."

इराने खोलीचं दार लावून घेतलं आणि ती जेवायलाही आली नाही. बायको मेधा ब्युमॉन्ट हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आली. तिने व्हिडिओ पाहिला आणि शांतपणे विचारलं, "विनय, लग्नाच्या वेळी तुझ्या आईने तुझी अशी माहिती पाठवली असती, तर मी हो म्हटलं असतं का रे?"

चार दिवस एकाही कोचचं उत्तर नाही. इरा माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलत होती. पाचव्या दिवशी एकाचं आलं. 'मुलगी चांगली आहे. पण कॅमेऱ्यामागे ओरडणारा तो माणूस कोण? आणि तो काय सांगतो?'

ओरडणारा? आम्ही तिघांनी आवाज मोठा करून व्हिडिओ लावला.

"इरा, पुढे जा! पुढे!" आवाज माझाच! पडद्यावर इरा गोल सोडून पुढे धावली आणि चेंडू तिच्या बाजूने रिकाम्या गोलात गेला. दुसरा गोल. "पुढे!" तिसरा. "अगं, पुढे!" मेधा हसून हसून सोफ्यावरून घसरली. मी सवयीने मोजलं. चौदापैकी अकरा गोल माझ्या 'पुढे'नंतरचे!

"अगं, पण तू माझं ऐकलंस कशाला?"

"यू सेड पुढे, बाबा! सो आय वेंट पुढे!"

(हीच मुलगी डिशवॉशर रिकामा कर म्हणून दहादा सांगितलं तरी जागची हलत नाही!)

मग इराच हसायला लागली. मी त्या कोचना खरं ते कळवलं, सुधारित तक्त्यासह. त्यांचं लगेच उत्तर आलं. 'पुढच्या चार मॅच पाहून ठरवू. त्या गृहस्थांना मात्र मैदानापासून दूर ठेवा.'

आता चित्रण मेधाने केलं. मी गाडीत बसलो, काचा वर करून. चार मॅच झाल्या आणि इराला जागा मिळाली! एकूण गोल फक्त एक. तो झाला तेव्हा, नोंद करणं भाग आहे, माझ्या बाजूची काच दोन बोटं खाली होती.