पलीकडे लावलेला पळस

२ नोव्हेंबर १९३६, सोमवार, सकाळी नऊ. जागा गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या गावातली पाटलांची ओसरी. हजर: पाटील, दोन पंच, दोघेही धानवाले, माझा धाकटा दीर, माझी जाऊ, मी. जावेच्या मांडीवर मी काढलेले चित्र, चौकटीसकट.

वाद एका पळसाचा होता. माझ्या आणि दिराच्या धानाच्या बांधीमध्ये हद्दीचा मातीचा धुरा आहे आणि पळस धुऱ्याच्या माझ्या बाजूला होता. त्याच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली लाख दरवर्षी गोंदियाचा व्यापारी नेई आणि तिच्या बदल्यात नागपूरहून माझे कागद व रंग आणून देई. पळस गेला तर माझे रंगवणे बंद, इतका सरळ हिशेब.

वडील जमीनमोजणीच्या बंदोबस्तात अमीन होते. गावोगावचे शेतनकाशे काढत. नदीला निळा, बांधीला हिरवा, सीमेला तांबडा, अशा उरलेल्या रंगांच्या वड्या त्यांनी मला दिल्या होत्या. नवरा गेल्यावर, चाळिशीत, ती पेटी मी उघडली. रोज सकाळी धार काढून झाली की अर्धा तास बसून पाव कागद रंगवायचा असे ठरवले आणि पेटीच्या झाकणात यादी चिकटवली. पाण्याच्या वाट्या दोन, एक कुंचला धुवायला, एक स्वच्छ. ओल्या रंगाला पुन्हा हात लावायचा नाही. मागे तिथी आणि जागा लिहायची. समोर बसून काढले असेल तर तेही लिहायचे. पहिले वर्षभर माझे धान भाजीसारखे दिसायचे. नकाशाचा हिरवा नुसता लावून चालत नाही, त्यात तांबड्याचा थेंब लागतो, हे कळायला दोन पावसाळे गेले. दीर येता-जाता म्हणायचा, वयनी बारा महिने रंगपंचमी खेळून राहिल्या. त्याला माझा अर्धा तास खुपत होता आणि मला तो माणूसच खुपत होता.

दोन दिवाळ्यांमागे जावेने एक चित्र मागितले. तेव्हा बोलणे होते, म्हणून दिले. धान कापलेल्या बांध्या, मधून धुरा, मागे आभाळ. काढताना डावीकडे फार रिकामे वाटले. पळस उजवीकडे होता. मी तो चित्रात उचलून धुऱ्यापलीकडे, दिराच्या बाजूला, डावीकडे लावला. चित्र सुधारले. मागे सवयीने लिहिले: समोर बसून काढले.

या पावसाळ्यात चिखलणीच्या वेळी दिराने धुरा फोडला आणि दोन हात माझ्या बांधीत सरकवून नवा घातला. पळस त्याच्याकडे गेला. दसऱ्यानंतर तो लाख उतरवायला विळा घेऊन आला, तेव्हा मी पंच बसवले. दीर म्हणाला, धुरा आहे तिथेच आहे, पुरावा वयनीच्याच हातचा आहे. जावेने चित्र पुढे केले.

पाटलांनी ते उलटे करून वाचले. "बाई, अक्षर तुमचंच?"

"माझंच."

"समोर बसून काहाडलं?"

"हो. पण झाड मी सरकवलं होतं. चित्र बरं दिसावं म्हणून."

दीर हसला. "आयका. अमीनाची लेक झाड सरकवते, अन् म्हंते का आमी धुरा सरकवला."

पंचांनाही हसू आले. त्यातला म्हातारा माझ्या वडिलांना ओळखत होता. ते मोजणीची साखळी टाकत तेव्हा तो खुंटा धरून उभा राहिलेला माणूस. तो म्हणाला, "तुह्या बापानं कवा झाड इकडचं तिकडं नाई केलं, बाई. तू कायले करशीन?" बापाची अब्रू राखावी म्हणून त्याने माझे खरे बोलणे खोटे ठरवले. त्याचा मला अजून राग आहे, दिराहून जास्त.

लाख दिराकडे गेली. जाऊ चित्र उचलून पदराने पुसत घरी गेली. त्याच भिंतीवर ते आजही आहे.

घरी येऊन मी सगळे गठ्ठे उलटले. पळसाची फुले, पळसाची पाने, लाख धरलेली फांदी, सगळे जवळून काढलेले. पळस धुऱ्यासकट मी एकदाच काढला होता.

माझ्या गोठ्यातल्या शेणखतावर व्यापाऱ्याच्या भावाची भाजी पिकते, त्या खताच्या बदल्यात आता कागद येतात. अर्धा तास मी सोडलेला नाही. झाकणातली यादी दोनदा नव्याने लिहून चिकटवली. दोन्ही वेळा शेवटी ही नवी ओळ घातली: पळस, धुऱ्यासकट, होता तसा काढणे. समोर बसावे तर तो दिराच्या बाजूला दिसतो. आठवणीने काढावा तर मागे काय लिहावे ते ठरत नाही. तेवढा एक पाव कागद वेगळा कापून ठेवला आहे, अजून कोरा.