लेबलवर न आलेलं तेल

ही गोष्ट सांगायची मी पंधरा वर्षं टाळली. कोणी विषय काढला, की "माल परत घेतला होता, संपलं ते" एवढं बोलून मी चहा मागवायचो. आता सांगतो.

खोतकाकूंनी सँपलच्या डबीचं झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि मान मागे घेतली.

"अहो परब, हे वाण म्हणून लुटायचं? बायका म्हणतील, तिळगूळ देऊन वर कडुनिंब चारला!"

काकू दादरच्या एका महिला मंडळाच्या अध्यक्ष. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना नलिनीताईंच्या क्रीमच्या दोनशे डब्या हव्या होत्या. कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. मी परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, छोट्या गाळ्यात केमिस्ट होतो. दुसऱ्यांच्या फॉर्म्युल्याने त्यांना माल बनवून द्यायचा, हा आमच्या शेठचा धंदा.

नलिनीताई गिरगावात राहायच्या. एका साप्ताहिकात त्या वीस वर्षं त्वचेच्या निगेवर सदर लिहीत होत्या. गोरं करून देण्याच्या गोष्टी त्यांनी कधी लिहिल्या नाहीत. "रंग आईवडिलांनी दिलाय, तो राहू दे. आपण खाज, पुरळ आणि कोरडेपणाचं बोलू," असं त्यांनी पहिल्याच लेखात सांगून टाकलं होतं. पुढे सदराचं पुस्तक झालं. त्यातलं एक अख्खं प्रकरण लेबल कसं वाचावं यावर होतं. शास्त्रीय भाग त्यांनी मला तपासायला दिला होता. मी पानापानावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या.

पुस्तक चाललं. वाचक विचारायला लागले, की ताई, तुम्हीच का नाही बनवत? मग साठीला टेकलेल्या ताईंनी स्वतःचं क्रीम काढलं. खोबरेल, मंजिष्ठा, कडुनिंब. सुगंध अजिबात नाही, ही त्यांची अट. जुन्या सायनसमुळे ताईंना वासच येत नसे. त्यावरून त्या स्वतःच हसायच्या. "बरंय ना परब! मी नाकासाठी लिहीत नाही, गालासाठी लिहिते."

तर खोतकाकू म्हणाल्या, "थोडं काहीतरी टाका ना, लिंबाबिंबाचं. कोणाला कळतंय?"

"बघतो," मी म्हणालो.

ताई त्या आठवड्यात बहिणीकडे रत्नागिरीला होत्या. फोन करता आला असता. केला नाही. त्या नाही म्हणतील हे मला पक्कं ठाऊक होतं. दोनशे घरांत एकदम क्रीम जातंय, वासापायी ही संधी जायला नको, ताईंचं भलंच करतोय, अशी मी माझी समजूत घातली. क्रीम थोडं निवलं की मग सुगंधी तेलं टाकतात. मी लिंबाच्या सालीचं तेल टाकलं. कडुनिंबाचा वास दबेना, म्हणून आणखी टाकलं.

या तेलाचा एक अवगुण आहे. ते अंगावर असताना ऊन लागलं, तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मग काळे डाग उठतात. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ताईंच्या पुस्तकात ते लिहिलेलं होतं आणि त्या ओळीवर बरोबरची खूण मीच केली होती.

आमच्याकडे प्रत्येक घाण्याचं एक बॅच कार्ड असतं. काय टाकलं, किती टाकलं, कोणी टाकलं, खाली सही. त्या कार्डावर मी ते तेल लिहिलं नाही. लिहिलं असतं तर लेबल बदलावं लागलं असतं, आणि लेबलं छापून तयार होती. ताई प्रत्येक बॅच आधी स्वतःच्या कानामागे लावून एक दिवस थांबायच्या. या वेळी तेही राहिलं. डब्या थेट दादरला गेल्या.

"आता कसा छान वास येतोय!" काकू म्हणाल्या.

"मुरलं की उतरतो कडूपणा," मी म्हणालो.

आठवड्याभरात काकूंचा फोन आला. कोणी गच्चीवर पापड वाळत घातले होते, कोणी सकाळी मैदानात फेऱ्या मारल्या होत्या. अकरा जणींचे गाल डागाळले होते. त्यांतल्या एकीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. ताई रत्नागिरीहून आल्या त्या थेट काकूंच्या घरी. मलाही बोलावून घेतलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी काकूंचा गाल उजेडात धरला, बराच वेळ पाहिला.

"हे उन्हाचं दिसतंय. परब, काही बदललं होतं का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. सुचवलं आपणच, हे त्यांना आठवत असणार.

"नाही ताई. कार्डाप्रमाणेच."

"नक्की? मला वास येत नाही हो. तुम्ही सांगाल तेच खरं."

"नक्की."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "मग माझीच कृती चुकली."

पुढचे पंधरा दिवस ताई त्या अकरा घरांचे जिने चढल्या. लग्न ठरलेल्या मुलीकडे दोनदा गेल्या. तिच्या आईने दारातच ऐकवलं, "पुस्तकं लिहून कोणी डॉक्टर होत नाही!" ताईंनी ते ऐकून घेतलं. उरलेल्या डब्या परत आणल्या. शेवटच्या लेखात लिहिलं, की माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही गालाला लावलंत, चूक माझ्या कृतीची होती. सदर बंद केलं. गिरगावातल्या प्रकाशकांना सांगितलं, दुसरी आवृत्ती काढू नका. डाग काही महिन्यांत गेले. ताईंनी मात्र पुन्हा लेखणी उचलली नाही. मी त्याच गाळ्यातून रिटायर झालो. निरोपाला शेठ म्हणाले, परबांचं बॅच कार्ड म्हणजे दगडावरची रेघ.

प्रत्येक बॅचमधली एक डबी आम्ही कपाटात ठेवतो. तिला कंट्रोल सँपल म्हणतात. उद्या तक्रार आली तर तपासता यावं म्हणून. त्या बॅचची डबी मी घरी आणली होती. गेल्या वर्षी ती पिशवीत घालून डिलाईल रोडवरून निघालो आणि गिरगावात ताईंच्या चाळीत गेलो.

ताई फार वाळल्या होत्या. पण मला ओळखलं. चहा झाल्यावर आपणहून म्हणाल्या, "परब, तुम्ही केमिस्ट. खरं सांगा, माझं काय चुकलं असेल? मंजिष्ठा की कडुनिंब? मी अजून अधूनमधून मांडून बघते."

गादीशेजारी वही होती. वहीत तीच कृती पुन्हा पुन्हा लिहिलेली, दर वेळी एकेक जिन्नस खोडलेला.

माझा हात पिशवीत होता. डबी बोटांना लागत होती.

"जुनी गोष्ट झाली ताई. सोडून द्या," मी म्हणालो.

निघताना त्यांनी माझा हात उलटा करून पाहिला. "किती फुटलाय! खोबरेल लावत जा. नुसतं. त्यात काही मिसळू नका."

बायकोला तेवढं सगळं ठाऊक होतं. घरी आल्यावर तिने विचारलं, "सांगलास तेंका?" मी चपला काढत बसलो. तिने पुन्हा विचारलं नाही.

गणपतीच्या आधी कळलं, ताई गेल्या.

आमच्या कामात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, टाकलं की लिहायचं. मी हे कित्येकांना शिकवलं. डबी अजून माझ्या घरच्या कपाटात आहे. त्या दिवशी वहीकडे बघत मला एवढंच म्हणायचं होतं: ताई, यातलं काहीच खोडू नका. लिंबाचं तेल मी टाकलं होतं. मला माफ करा.