थोरलीची लेबलं

आमच्या लॉन्ड्रीसमोरचं शिवणकामाचं दुकान दोघी बहिणींनी मिळून थाटलं होतं. कापड बेतायची धाकटी, गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायची थोरली. एकदा धाकटीचा हात मोडला आणि तिला घरी बसावं लागलं. परत आली तेव्हा दुकानाचं कुलूप बदललेलं होतं आणि तिच्या टेबलाशी पगारी कटर उभा होता. "हात धड होईपर्यंत आराम कर," थोरली म्हणाली. ते 'होईपर्यंत' काही संपलं नाही.

मग धाकटी रोज आमच्या बाकावर येऊन बसायला लागली. इस्त्रीचे कपडे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सख्ख्या बहिणीनं कसं रस्त्यावर आणलं ते सांगायची. हात केव्हाच बरा झाला होता, तरी पुरावा असल्यासारखा पोटाशी धरून बसायची. लोक हळहळायचे. 'बिचारी' हे तिचं नावच पडलं.

एक दिवस आपली मोठी कात्री मागायला म्हणून ती समोर गेली. थोरली पडद्याआड कुणाचं तरी माप घेत होती. त्या बाई विचारत होत्या, "तुमची बहीण समोर बसून तुमची बदनामी करते, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

थोरली हसली. "बोलू दे की. लोक आधी तिचं रडगाणं ऐकतात, मग मी कोण एवढी कैदाशीण ते बघायला आत येतात. आत आले की माप देऊनच जातात. माझ्या बोर्डापेक्षा तिचा उपयोग जास्त."

धाकटी कात्री उचलून परत आली. ऐकलेलं सगळं तिनं मला सांगितलं. मग मला म्हणाली, "वहिनी, मी तिच्याकडे नोकरी करत होते. बिनपगारी."

त्या दिवसापासून तिचं रडणं बंद झालं आणि डोक्यात सूड शिरला. दुकानाला काडी लावू का, मशीनमध्ये वाळू टाकू का, असलं काहीबाही विचारायची. मी म्हटलं, "तुरुंगात जाशील आणि तिथंही बाक शोधून हीच कहाणी सांगत बसशील." ती हसली नाही. पण काडीचा विषयही पुन्हा काढला नाही.

थोड्याच दिवसांत शाळेच्या मोठ्या बाई समोरून नवा कोट घालून बाहेर पडल्या. त्यांचा एक खांदा जन्मापासून उतरता. कोट त्या बाजूला पोत्यासारखा लोंबत होता. धाकटीनं त्यांना हाक मारली. "बाई, द्या तो इकडे. आणि तिला काही सांगू नका."

आमच्या कपाटामागच्या जागेत माझं जुनं मशीन होतं, त्यावर ती बसली. कोटाची बाही उसवताना तिचा चेहरा मी पाहिला. एकेक टाका ती असा तोडत होती, जणू कुणाचे केस उपटतेय. खांद्याला आतून भर घातली, बाही नव्यानं बसवली. शेवटी गळ्यामागचं थोरलीचं लेबल कापलं आणि काचेच्या बरणीत टाकलं.

बाईंनी आरशात पाहिलं आणि दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवसापासून शाळेतल्या बाकीच्या बायका यायला लागल्या. कुणाचा दंड आवळत होता, कुणाचं ऑपरेशन झालेलं, कुणाला बाळंतपणानंतर काहीच बसत नव्हतं. थोरली तोंडानं शिवायची, ते आता उसवत होतं. धाकटीनं बरणी उचलून आमच्या दर्शनी काचेत ठेवली. ती भरत गेली तशी येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली.

एका दुपारी थोरली स्वतः आली. "ती बरणी काढ."

"का गं ताई? तुझीच जाहिरात आहे."

"मी तुझी बहीण आहे."

"कुलूप बदललंस तेव्हा कोण होतीस?"

थोरलीचा आवाज खाली आला. "माझं चुकलं म्हण. बास?"

"बास नाही," धाकटी म्हणाली आणि मशीन सुरू केलं. थोरली बराच वेळ तशीच उभी राहिली. धाकटीनं तिला बस म्हटलं नाही. मी खुर्ची पुढे करायला गेले, तर धाकटीनं माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला.

पुढे कटर समोरचं काम सोडून धाकटीकडे आला आणि वर्षअखेरीस समोरचं दुकान बंद झालं. थोरली मुलीकडे राहायला गेली. त्या दिवशी तिचं सामान टेम्पोत चढताना धाकटी आमच्या दारात उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. मला वाटलं, आता तरी रडेल. ती म्हणाली, "वहिनी, खोटं कशाला बोलू, गोड लागतंय."

आता समोरची जागा तिच्याकडे आहे. गिऱ्हाइकं असतात, हाताखाली दोघीजणी आहेत. परवा एका नव्या बाईनं माप देता देता विचारलं, "तुमच्या बहिणीनं तुम्हाला फार छळलं म्हणे?"

"हात वर करा," धाकटी म्हणाली. "मुंढा घट्ट आवडतो की सैल?"