आत्तीची घेरी आणि तिची व्युत्पत्ती

आमच्या आत्तीइतकी देखणी बेशुद्ध पडणारी बाई अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरी झाली नाही, आणि पुढे कुणी होईल असंही मला वाटत नाही. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला नेसरीला दिली होती. यजमान गेल्यावर एक ट्रंक, एक अडकित्ता आणि स्वतःची घेरी एवढं सामान घेऊन ती आमच्याकडे राहायला आली. ट्रंक माळ्यावर गेली, अडकित्ता कमरेच्या पिशवीत राहिला आणि घेरी घरभर नांदू लागली. घेरीला कुणी चक्कर म्हटलेलं आत्तीला खपत नाही. एकदा महाद्वार रोडवर साडीच्या दुकानात ती आडवी झाली, कारण माझी बायको तिच्यासाठी राखाडी रंगाचं लुगडं पसंत करत होती. दुकानदार ओरडला, "आजींना चक्कर आली, पाणी आणा." तेव्हा या बेशुद्ध बाईनं मिटलेल्या डोळ्यांनीच त्याला दुरुस्त केलं, "चक्कर न्हवं. घेरी." मग हिरवं लुगडं घेतलं आणि आम्ही घरी आलो.

तिची पडण्याची रीत ठरलेली होती. आधी चष्मा काढायचा, पदराच्या टोकानं पुसायचा, डबीत घालायचा, डबीचं झाकण टक्कन लावायचं. मग जाजम कुठं अंथरलंय ते बघून दोन पावलं तिकडं सरकायचं आणि "अगं बाई गं" म्हणत उजव्या कुशीवर उतरायचं. पडायचं म्हणवत नाही, उतरायचंच. जोतिबाला चालत जायचं ठरलं तेव्हा घेरी डोंगराच्या पायथ्याशीच आली आणि जीप ठरल्यावर गेली. तिची ट्रंक भंगारात द्यायची टूम मी काढली तेव्हा तर भंगारवाला दारात असतानाच आली. बिचाऱ्यानं तराजू टाकून आत्तीला वारा घातला. गल्लीतल्या डॉक्टरांनी एकदा पट्टा गुंडाळून बघितलं आणि म्हणाले, "यांचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे." यावर आत्ती म्हणाली, "मग गोळ्या तुमीच घ्या की." शेवटी आम्ही डॉक्टर बंद केले आणि जुन्या रिवाजाप्रमाणे कांदा फोडून नाकाशी धरायला लागलो. बायको टोपलीत एक कांदा त्यासाठी बाजूला काढूनच ठेवायची.

मी पडलो मराठीचा मास्तर. एका रविवारी पोहे खाता खाता मी तिला शब्दाची फोड करून सांगितली, की घेर म्हणजे वर्तुळ, डोळ्यांपुढं सगळं गरगर फिरायला लागतं, म्हणून घेरी. आत्तीनं सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कोशात बघून सांगतोय."

"कोश लिवणाऱ्याला कधी घेरी आलती काय?" ती म्हणाली. "गरगर फिरतंय ती चक्कर. ती कुणालाबी येत्या, बैलालाबी येत्या. घेरी बाईलाच. चारी अंगानं माणसं घेरत्यात, कुठनं बाहीर पडायला वाट न्हाय, मग बाई खालच्या अंगानं सुटत्या. तुमा गड्यास्नी कोण घेरतंय रं?"

मी हसलो. शाळेत शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा रंगवून सांगितला आणि चहा मिळवला. व्युत्पत्ती म्हणून ती शून्य मार्कांची आहे, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

पुढच्याच महिन्यात माझ्या मुलीची, ऋतुजाची, सुपारी फोडायचं ठरलं. ऋतुजा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासणीला आहे. ओतून आलेल्या मालात कुठं तडा, कुठं पोकळी आहे ते शोधायचं तिचं काम, आणि घरी आल्यावरही ती माझ्याकडे त्याच नजरेनं बघते. लग्नाला तिची ना नव्हती. नोकरी सोडणार नाही, एवढंच तिनं मला दोनदा सांगितलं होतं, आणि मी दोन्ही वेळा "बघू गं, बोलू" म्हणून पेपर उघडला होता. स्थळ चांगलं होतं, शेती होती, दुधाचा धंदा होता. पाहुणे आले, पोहे झाले, ताटात सुपारी आणि शेजारी बत्ता मांडला. तेवढ्यात मुलाचे वडील अगदी सहज म्हणाले, "पावणं, पोरगी आता शिरोलीला जायाची न्हाय बरं का. आमच्यात बायका घरातच असत्यात."

ऋतुजानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे न बघता सुपारीकडे बघितलं आणि "हां, हां" म्हणालो. आजही ते "हां हां" आठवलं की माझे कान तापतात.

मी बत्ता उचलला आणि आत्ती कोसळली. ती उतरली नाही, कोसळलीच. जाजम सोडून फरशीवर, डाव्या अंगावर, आणि चष्मा डोळ्यांवर. काचेचा आवाज आला तसा माझ्या हातून बत्ता सुटला. ऋतुजा ओरडत धावली, बायकोनं कांदा आणला. तो मुलाच्या आईनं तिच्या हातातून घेतला आणि आत्तीचं डोकं मांडीवर घेतलं. मी समोरच होतो, त्यामुळे मला दिसलं. त्या बाईनं कांदा मुठीत झाकून ठेवला, नाकाजवळ नेलाच नाही. थोड्या वेळानं ती नवऱ्याला म्हणाली, "आज सुपारी नको. म्हातारं माणूस हाय, बरं दिसत न्हाय." मुलाचे वडील दारात कुणालातरी म्हणाले, "घराण्यात घेरी दिसत्या." तिसऱ्या दिवशी नकार आला.

पाहुणे गेले त्याच संध्याकाळी आत्ती खाटेवर बसून तीच सुपारी अडकित्त्यानं कातरत होती. कपाळावर टेंगूळ होतं. मी विचारलं, "आत्ती, आज चष्मा काढला नाहीस."

"खरी आलती," ती म्हणाली. "माज्या जल्मात दोन खऱ्या. पयली माज्या सुपारीला. सतरा वर्साची हुती मी. कांदा हुंगिवला, हुबी केली, आन् फोडली सुपारी." मग तिनं एक खांड माझ्या तळहातावर ठेवलं. "त्ये घराण्यात घेरी म्हनत हुतं, त्ये खोटं न्हाय. घेरणारं घराण्यात हायत म्हटल्यावर घेरी असणारच."

माझ्याच्यानं ते खांड चाववेना.

आता ऋतुजा शिरोलीला जातेच आहे, आणि दुसरं स्थळ बघताना पहिला प्रश्न तीच विचारते. आत्तीला नवा चष्मा केला. ती तो नुसता पुसायला काढते तरी आमचं अख्खं घर गप्प होतं आणि मी घाईनं विचारतो, "काय पाहिजे, आत्ती?" बहुतेक वेळा तिला काहीच नको असतं. अलीकडे घेरी अशी येतच नाही, आणि खरं सांगायचं तर घर थोडं सुनं वाटतं. परवा धीर करून मी तिला विचारलं, "तुझ्या सुपारीच्या वेळी कुणी तुला विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

अडकित्ता थांबला. आत्तीनं चष्मा काढला, बराच वेळ पुसला. मी जाजमाकडे बघितलं. पण तिनं तो पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"काय की," ती म्हणाली. "कोण इचारंल असं वाटलंच न्हवतं, म्हणून उत्तर तयार ठेवलं न्हाय बग."