दक्षिणेकडं वळू नको

माझी आई अळणावरजवळच्या खेड्यातली. डावं-उजवं तिच्या बोलण्यात कधी आलंच नाही. "मिठाचा डबा दे गं, तो मावळतीकडचा," असं ती म्हणे. धारवाडात वाढलेले, शाळेत शिकवणारे माझे वडील, अप्पा, आधी हसत. पुढं तेही तिला दिशाच सांगू लागले.

आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यानंतर दोनेक वर्षांनी हुबळीच्या एका दवाखान्यात आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. तेव्हा दोन्ही डोळे बांधून रोग्याला कित्येक दिवस निजवून ठेवत.

"एडक्क होळ्ळब्याड्री," नर्सबाईंनी बजावलं. डावीकडं वळू नका. आईला कानडी छान येई, पण 'एड' म्हणजे नेमकं कुठं, ते तिला उमगेना. ती उगवतीला डोकं करून उताणी निजली होती. अप्पा वाकून म्हणाले, "दक्षिणेकडं वळू नको, एवढंच."

"नाही वळणार."

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवण आणायला गेलो असताना खिडकीच्या दुरुस्तीसाठी तिची खाट समोरच्या भिंतीला नेली. आता डोकं मावळतीला; परत आल्यावर आमच्या ते ध्यानातही आलं नाही. डोळे बांधलेले, तरी आईनं ते कलत्या उन्हाच्या उबेवरून ओळखलं. आणि निजताना दक्षिण टाळून ती उत्तरेकडं वळली. आता तीच तिची डावी कूस होती.

सकाळी पट्टी रक्तानं भिजलेली होती. डोळा गेला.

"अगं, ज्या डोळ्याला कापलं त्यावरच निजलीस? दुखलं नाही?" अप्पांनी विचारलं.

"दुखलं ना. पण दक्षिणेला पाय करू नयेत म्हणतात, तसंच काही असेल वाटलं. तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून दुखलं तरी वळले नाही."

अप्पा खाटेच्या कडेला बसून राहिले. आईच त्यांचा हात चाचपत होती.

काही वर्षांनी दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला. आई तयार होती. "या खेपेला कूसच बदलत नाही, मग तर झालं?" अप्पा "नको" म्हणत आणि उठून बाहेर जात. मरेपर्यंत त्यांनी होकार दिला नाही. तोवर ती भिंतीला धरून चालू लागली होती.

ते गेल्यावर मी तिला पुन्हा हुबळीला नेलं. डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिलं. "फार उशीर केलात," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये रायापूर गाव मागं पडलं. तेव्हा आई म्हणाली, "बरं झालं. हे ऐकायला ते नाहीत."