मंडईचा पाहुणा

पॅरोलवर सुटणाऱ्या माणसाला आधी घर लागतं. म्हणजे कागदावर लागतं: पत्ता, जामीनदार आणि गावाची हरकत नाही असा पोलिसांचा अहवाल. माझं गाव देवरीकडचं. गावानं दर वेळी हरकत घेतली, आणि ती खोटी नव्हती. दोन शेतांमधल्या धुऱ्याच्या भांडणात माझ्या हातून चुलतभाऊ गेला होता. काठी उचलली तेव्हा मला धुरा दिसला, माणूस दिसला नाही. मग बाकीचे कैदी रजेवर घरी जाऊन येत आणि मी त्यांनी आणलेला चिवडा खात बसे.

बऱ्याच वर्षांनी मला रजा मिळाली ती कामठ्याच्या एका निवृत्त गुरुजींमुळे. ज्यांना गाव घेत नाही अशांसाठी त्यांनी घरामागच्या दोन खोल्या ठेवल्या होत्या. जामीन स्वतः राहत. आम्ही चौघं होतो. सकाळी ठाण्यात हजेरी लावायची, मग धान कापायला जायचं. अधूनमधून गुरुजी एकेकाच्या गावी जाऊन घरच्यांशी बोलून येत. माझ्या घरी ते दोनदा गेले. दोन्ही वेळा बायकोनं चहा दिला, पण माझ्याबद्दल हो नाही की नाही नाही. मी त्यांना विचारून विचारून भंडावून सोडलं. छपराचे कवेलू फेरले होते का? अंगणातलं मुनग्याचं झाड आहे का? पोर कशी दिसते? मी गेलो तेव्हा ती रांगत होती.

"मी का फोटो काहाडाले गेलतो?" गुरुजी खेकसले. मग हळूच म्हणाले, "तुह्यावानीच नाक आहे."

त्या नाकावर मी आठ दिवस काढले.

दिवाळी झाली आणि गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. आमच्याकडे प्रत्येक गावाच्या मंडईचा, म्हणजे जत्रेचा, दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी घरोघरी पाहुणे येतात, आणि ओळख असो नसो, दारात आलेल्याला कुणी उपाशी जाऊ देत नाही. माझ्या गावाचा दिवस जवळ आला तसा मला घास जाईना.

"काऊन तोंड पाडून बसला?" गुरुजींनी विचारलं.

"परवा आमच्या गावची मंडई आहे."

"मंग जा ना. मंडईले बोलावनं कायले पायजे?"

"गाव येऊ देईल का, गुरुजी?"

"गावकरी म्हनून कोन जा म्हनते तुले? पावना म्हनून जा. चुलतभावाच्या घराकडे मात्र फिरकू नको."

ठाणेदाराकडे ते स्वतः आले आणि संध्याकाळच्या हजेरीच्या बोलीवर परवानगी काढून दिली.

बसमधून उतरलो तेव्हा दुकानं लागली होती. शिंगाडे, ऊस, गुळाची जिलेबी, सगळं तसंच. डोक्याला दुपट्टा बांधला होता, तरी दोघातिघांनी ओळखलंच. त्यांनी माना फिरवल्या. मंडईला आलेल्या माणसाला हाकलणं त्यांच्याही जिवावर आलं असणार. मी त्यांचे उपकारच मानले.

घरासमोर पोचलो आणि बाहेरच थांबलो. अंगणात एक मुलगी पाहुण्यांना पाणी देत होती. नाकावरून ओळखायची गरजच पडली नाही.

"या ना जी, बसा," ती म्हणाली. तांब्या पुढे करून तिनं विचारलं, "मामा, कोन्या गावचे तुमी?"

"कामठ्याचा," मी म्हणालो. खोटं नव्हतं. पोलिसांच्या कागदावर तोच पत्ता होता. तिला छातीशी धरावं असं इतकं वाटलं की मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो.

माझा आवाज ऐकून बायको बाहेर आली. केस बरेच पिकले होते. तिनं मला पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि पोरीला म्हणाली, "पावन्याले जेवाले वाढ."

भात, लाखोरीची डाळ, वडे. पोरीनं आग्रह करकरून वाढलं. मी खाली मान घालून खात राहिलो, कारण वर पाहिलं असतं तर सगळं सांगून बसलो असतो. भूक नव्हती, तरी तीनदा भात घेतला. तेवढाच वेळ बसायला मिळाला.

हजेरीला वेळेत पोचवणारी शेवटची बस धरायची होती. मी उठलो तशी बायको दारापर्यंत आली. तिनं पदर सारखा केला. काहीतरी बोलेल म्हणून मी चप्पल घालायला मुद्दाम उशीर लावला.

"येत जा जी मंडईले," ती म्हणाली.

निघणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही हेच म्हणतो. त्या दारात उभा राहून मीही कितीतरी जणांना म्हटलं आहे. मला ते कधी कुणी म्हटलं नव्हतं. मी त्या घरचा होतो.