पायाच्या अंगठ्याला पाळणा

तारोडीहून आमचा टेम्पो निघाला तेव्हा आय अशी रडली, जणू मी दुबईला चाललोय. चाललो होतो मीरा रोडला, पूनम सागरमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बाबा जाळं शिवत होते, तिथूनच ओरडले, "तिथं दर्या न्हाय, वारा न्हाय. करशील काय?" मी ऐटीत म्हणालो, "नोकरी!" त्या ऐटीत गादी दारातच राहिली, सुक्या बोंबलांची गोणी तेवढी आली. ती लिफ्टमधून नेली आणि अख्ख्या मजल्याशी एका वासात ओळख झाली.

आता मी घरी असल्याची बातमी तारोडीत पोचलीच आहे. इकडे आलेल्या आपल्या लोकांतही कुजबुज आहे. तर माझ्याच तोंडून ऐका.

मुलगी झाली तेव्हा कंपनीच्या पॉलिसीत बापाला रजा होती एक आठवडा. तो मी पेढे वाटण्यात आणि "काय मदत करू?" विचारण्यात घालवला. बायको रुपाली हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. तिची रजा संपली तेव्हा निरोप आला, सोमवारी हजर व्हा, नाहीतर सीनियरची जागा दुसऱ्याला. आय मासळी घेऊन बाजारात बसते, ती कशी येणार? मी साहेबांकडे बिनपगारी रजा मागितली. साहेब म्हणाले, "बायकोची संपली, मग तुझी कुठून सुरू झाली?" काही दिवस घरून काम करायची परवानगी तेवढी मिळाली.

आपल्याकडची रीत आठवा. बायका बाजारात गेल्या की जाळं शिवणारा बाप पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचा. मला बाबांनी असंच वाढवलं. पण कुणी विचारलं की उत्तर एकच, "जाळं शिवतोय." पोर सांभाळतोय, हे तोंडातून कधी निघालं नाही.

सोमवारी रुपाली कामावर गेली आणि लॅपटॉपपुढे मीही तोच थाट मांडला. मीटिंगमध्ये साहेबांनी माझं नाव घेतलं आणि शाळेतल्या सवयीने मी ताडकन उभा राहिलो. दोरी ताणली, मी आडवा, लेक खदखदून हसतेय, कॅमेरा चालू.

साहेब हसले नाहीत. "घरात बाई नाही का? एक काय ते ठरव. पाळणा की काम?"

"पाळणा," मी फरशीवरूनच म्हणालो. इतक्या रुबाबात मी उभं राहूनही कधी बोललो नव्हतो.

नोकरी तिथेच सुटली. शेजारचे भाई लिफ्टमध्ये विचारतात, "मॅडम गाँव गयी क्या?" मी सांगतो, "काम पे गयी. मैं भी काम पे ही हूँ." बाबांचा फोन आला, "गावात काय सांगू? पोरगा बायकोच्या जीवावर बसलाय?"

"सांगा, बसलेला न्हाय. बसलो की नात रडते तुमची. उभाच हाय."

मागून आय हसल्याचं ऐकू आलं.

नवी नोकरी शोधतोय. मुलाखतीत मीच आधी विचारतो, बापाला रजा किती? म्हणून अजून लागलेली नाही. तरी विचारणारच.

गाव म्हणाल तर तारोडीच. पण सुरुवातीला रुपाली रिक्षात बसताना सारखी वर खिडकीकडे बघायची, चेहरा उतरलेला. परवा मी लेकीचा हात धरून टाटा करत राहिलो आणि ही मैत्रिणीशी गप्पा मारत, वर न बघताच निर्धास्त निघून गेली. राग यायला हवा होता. मी लेकीला म्हटलं, "बघ, झालं आपलं घर."